चुकारा, चुकवेगिरी आणि धरणे

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात दोन शेतकरी भेटल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘चुकारे आले का?’ आधारभूत केंद्रावर धानाचा काटा झालेला असतो, चाळीस किलोचे कट्टे मोजून थप्पीला लागलेले असतात, पावती पासबुकात आणि पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले असते. उरतो तो चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे येणे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हा शब्द कदाचित अडेल. ‘करचुकवेगिरी’ मात्र अडणार नाही. आता हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहा. एकात देणे फेडले जाते, दुसऱ्यात बुडवले जाते, आणि दोन्हींच्या पोटात ‘चुक’ आहे. असे का झाले असावे?

बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात संस्कृत ‘भ्रंश्’ या धातूला जे प्राकृत पर्याय दिले आहेत, त्यांत ‘चुक्क’ आहे. ‘भुल्ल’ही तिथेच आहे, म्हणजे चूक आणि भूल ही जोडी तेव्हापासूनची! मूळ अर्थ निसटणे, ढळणे असा दिसतो. वाट चुकते, नेम चुकतो. प्रयोजक केले की ‘चुकवणे’ : खड्डा चुकवावा, नजर चुकवावी, कर चुकवावा. हिंदीत मात्र एक फाटा फुटतो. दीर्घ ऊकाराचे ‘चूकना’ म्हणजे चुकणे, ऱ्हस्व ‘चुकना’ म्हणजे संपणे, आणि त्यावरून ‘चुकाना’ म्हणजे फेडणे. गुजरातीतही ‘चूकववुं’ म्हणजे पैसे देणे. आपल्या ‘हिशेब चुकता केला’मध्ये तोच अर्थ आहे. भंडाऱ्याची हद्द बालाघाटला लागून, जिल्हा जुन्या मध्य प्रांतातला. तेव्हा ‘चुकाऱ्या’ला हिंदीच्या शेजाराने बळ मिळाले असावे.

इथे दोन वेगळे धातू मानायलाही वाव आहे. माझा कल मात्र एकाच मुळाकडे आहे. ऋण मानेवरून निसटले, एवढेच हा धातू सांगतो. फेडून निसटले की पळून, हे त्याच्या गावी नाही. ते माणसाने ठरवायचे.

फारसीतही अशीच चाल दिसते. ‘गुजश्तन’ म्हणजे सरणे, ओलांडून जाणे. ‘गुजारदन’ म्हणजे पार पाडणे, अदा करणे. आपल्यावर प्रसंग ‘गुदरतो’ तो याच घराण्यातला. आणि ‘मालगुजार’ म्हणजे माल, म्हणजे सरकारी सारा, अदा करणारा. नावाने हा फेडणारा. कुळाच्या दारी मात्र तो वसूल करणारा म्हणूनच उभा राहिला. १९५०च्या मध्य प्रदेशच्या कायद्याने मालगुजारांची मालकी गेली आणि ३१ मार्च १९५१ पासून अंमल सुरू झाला. त्या व्यवस्थेतले तलाव आजही धानाला पाणी देतात. कागदोपत्री ‘माजी मालगुजारी’, आखूड होऊन ‘मा.मा.’, आणि लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’. कोहळी समाजाच्या पिढ्यांनी ज्यांचे पाळ बांधले, त्या तलावांना असे आजोळचे नाते मिळाले, याचा मला मनापासून आनंद होतो.

चुकारा थकला की जिल्हाधिकारी कार्यालयासमोर मंडप पडतो : धरणे. धातू ‘धृ’, धरून ठेवणे. गंमत अशी, की पाणी धरते ते ‘धरण’ही त्याचेच. पवनी तालुक्यातल्या गोसेखुर्दची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ला झाली. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतली गावे उठली आणि धरणाच्या लोकांना धरण्यावर बसावे लागले. त्यांची मागणी ‘मोबदल्या’ची. हा शब्द अरबी ‘मुबादला’ : बदल, अदलाबदल. म्हणजे जे घेतले त्याच्या बरोबरीचे परत. ‘मदत’ किंवा ‘अनुदान’ म्हटले की ही बरोबरी जाते, म्हणून प्रकल्पग्रस्त ‘मोबदला’च म्हणतात ते अगदी योग्य आहे.

पण धरणे हे मुळात सरकारविरुद्धचे हत्यार नव्हे, सावकारी वसुलीचे. येणेकरी देणेकऱ्याच्या दारात अन्नपाणी सोडून बसे. मनुस्मृतीत ऋणवसुलीचे जे पाच उपाय आहेत त्यांतले ‘आचरित’ म्हणजे हेच असावे, असे टीकाकारांचे म्हणणे दिसते. २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८६०च्या भारतीय दंडविधानात ५०८ व्या कलमाच्या उदाहरणात दैवी कोपाचा धाक घालून दारात धरणे बसणारा माणूस होता. दूरच्या आयर्लंडच्या प्राचीन कायद्यातही दारातला उपास होता, आणि तो मुख्यतः उच्च दर्जाच्या देणेकऱ्याविरुद्ध. ज्याच्यावर जप्ती चालत नाही त्याच्या दारात उपाशी बसायचे!

हा इतिहास मला आजच्या एका वादात उपयोगी वाटतो. साकोली-लाखनीतून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ अडवावा, की कार्यालयासमोर बसावे? रास्ता रोकोत ट्रकवाला आणि दवाखान्यात निघालेली बाई अडते. त्यांच्याकडे आपले काही येणे नसते. धरण्याला पत्ता असतो. ते देणेकऱ्याचेच दार धरते आणि बसलेल्याला याचक नव्हे, धनको ठरवते. दार बधिर असते तेव्हा माणसे रस्त्यावर येतात, हेही मला दिसते. तरी शब्दाचा कौल मी धरण्याच्या बाजूने देतो.

मग खरा देणेकरी कोण? ‘दौलत’ हा शब्द इथे बोलका आहे. अरबी ‘दौला’च्या मुळाशी फिरणे, पाळी येणे हा अर्थ, आज याची, उद्या त्याची. कुराणाच्या ५९ व्या सूऱ्यात याच धातूचा शब्द, संपत्ती केवळ श्रीमंतांतच फिरत राहू नये, या संदर्भात येतो. आपल्याकडे निकोलस काल्डोर यांच्या शिफारशीनंतर १९५७ साली संपत्ती कर आला. २०१५च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला. २०१३-१४ मधली त्याची देशभरची वसुली १,००८ कोटी, खर्चाच्या मानाने थोडी, हे कारण दिले गेले. त्याऐवजी कोटीवर उत्पन्न असणाऱ्यांवर दोन टक्के जादा अधिभार आला. वसुली थोडी झाली हे खरे. पण ती थोडी का झाली, याचे उत्तर बहुतेक ‘चुकवणे’ या क्रियापदातच असावे. महाराष्ट्राने १९७५ साली रोजगार हमीसाठी व्यवसाय कर बसवला : शहरी पगारातून ग्रामीण मजुरी. कल्पना थोर. पण घटनेच्या २७६ व्या कलमाने त्याला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा आहे, म्हणून मध्यम पगाराचा कारकून आणि कोट्यधीश इथे सारखेच भरतात. ‘सम’ आणि ‘विषम’ हे शब्द एवढ्या जवळ नांदताना क्वचितच दिसतात.

एक कोडे उरतेच. काम टाळणारा तो ‘चुकार’, त्यावरूनच ‘चुकारतट्टू’. त्याला नुसता काना दिला की ‘चुकारा’, धानाचे हक्काचे पैसे. ‘उतारा’, ‘निवारा’, ‘पसारा’ यांतला ‘-आरा’च इथे आला, की ‘चुकार’लाच काना लागला? तुमच्या बाजूला हा शब्द कोणी कसा वापरतो, हे कळले तर गाठ सुटेल. विशेषतः तुमसरच्या बाजारात जुने अडते ‘चुकारा’ म्हणत की ‘चुकती’, हे मला जाणून घ्यायचे आहे.