विठू महाराची रसीद

मंगळवेढ्याची काळीभोर जमीन पाऊस साधला म्हणजे ज्वारीची कणसे दाण्यांनी लववते, आणि तो चुकला म्हणजे भेगांनी उलून जाते. म्हणून त्या भागातील कुणब्याने पीक काढण्याइतकीच ते राखण्याची विद्याही पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. भुईत खोल खड्डा घ्यावयाचा, त्याला कडब्याचे अस्तर द्यावयाचे, धान्य भरून तोंड मातीने लिंपावयाचे, आणि पुढे ते उघडताना आतली कोंडलेली विषारी हवा निघून जाईपर्यंत कोणी खाली उतरावयाचे नाही, ही पेवाची रीत. सरकारसाऱ्यात वसूल झालेले धान्य मात्र बादशहाचे. हुकुमावाचून त्यातील पायलीभरही हलवावयाची नाही, हा दिवाणाचा शिरस्ता.

पंधराव्या शतकात, बिदरच्या बहामनी अमलात, मंगळवेढ्याचे अंमलदार असलेल्या दामाजीपंतांनी हा शिरस्ता मोडला, असे परंपरा सांगते. दुष्काळ असा पडला, की पंढरपुराहून आलेल्या एका ब्राह्मणाला समोर वाढलेल्या पानावर घरच्या उपाशी मुलांच्या आठवणीने रडू कोसळले. पंतांनी त्याला धान्य दिले, वार्ता पसरली, भुकेल्यांची रीघ लागली, आणि अखेर सरकारी कोठारे गोरगरिबांना मोकळी झाली. हाताखालच्या मुजुमदाराने बिदरास कागद धाडला. पंतांना पकडून आणण्यास स्वार निघाले. तोच खांद्यावर घोंगडी आणि हाती काठी घेतलेला कोणी विठू महार बादशहापुढे उभा राहिला, त्याने धान्याची सारी किंमत मोजून दिली आणि रीतसर रसीद घेतली. ती पुढे दामाजीपंतांना आपल्या गीतेच्या पोथीत सापडली. महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’मुळे ही कथा घरोघरी पोचली.

या कथेत देवाने पाऊस पाडला नाही, की रिकामी पेवे भरली नाहीत. विठू महाराच्या रूपाने येऊन त्याने बाकी फेडली. ज्या समाजाचे आयुष्य सारा, तगादा आणि कैद यांच्या धाकात जात होते, त्याला तारणहार सुचला तो हिशेब चुकता करणारा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. आणि दामाजीपंतांची श्रद्धा रसीद सापडली तेव्हा सिद्ध झाली असेही नव्हे. कोठाराचे कुलूप काढताना त्यांच्या हाती कसलेच अभयपत्र नव्हते, आणि तरीही ते काढले गेले, तेथेच ती सिद्ध झाली होती.

परंतु याच मंगळवेढ्यात, १३३८ साली, गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून संत चोखामेळा मजुरांसह गाडले गेले होते, हे स्मरल्यावाचून ही कथा पुरी होत नाही. त्या ढिगाऱ्याखालच्या माणसांसाठी कोणीही रसीद आणली नाही. मात्र ज्यांना मंदिराची पायरी ओलांडण्याची मनाई होती, त्यांचाच वेष भगवंताने बिदरास जाताना घेतला, असे लोकस्मृतीने मानले. आपल्या अन्यायाची जाणीव तिला आतून डाचत असली पाहिजे. महारांच्या बावन्न हक्कांची सनद बादशहाने याच विठूला दिली, अशीही आख्यायिका आहे. त्या हक्कांशी जोडलेले महारवतन कालांतराने अविरत राबणुकीचा फास झाले; डॉ. आंबेडकरांना १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात त्याविषयी विधेयक मांडावे लागले, आणि कनिष्ठ गावकी वतने कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. देवाने ज्याचे रूप घेतले, त्या माणसाचे देणे समाजाने इतका काळ थकविले.

तरीही अवर्षणाच्या साली कुठल्याशा देवळात कीर्तनकार हे आख्यान लावतो, आणि पंतांनी पोथी उघडल्याच्या प्रसंगाशी येऊन क्षणभर थांबतो, तेव्हा समोरच्या जाजमावर बसलेला, ज्याच्या घरात बी उरलेले नाही आणि ज्याच्या नावावर बाकी आहे असा शेतकरी डोळ्यांना उपरण्याचे टोक लावतो. त्याच्या पोथीत कागद नसतो. पण दारी आलेल्या उपाशी माणसाला भाकरीतली अर्धी द्यावी, एवढे बळ तो तेथून घेऊन जातो.