ब्रेक पॅड व डिस्क : ऑफ-रोड वाहनांसाठी निवड

डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या ओतीव लोखंडी चकतीला, म्हणजे डिस्कला, कॅलिपरमधले दोन पॅड दोन्ही बाजूंनी आवळतात. त्या घर्षणात गाडीच्या वेगातली ऊर्जा उष्णता होऊन हवेत जाते. पॅड आणि डिस्क हे दोन्ही झिजणारे भाग आहेत आणि ठरावीक काळाने बदलावेच लागतात. डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचे पॅड कंपनीच्या शिफारशीनुसार घेतले की काम भागते. चिखल, वाळू आणि ओढ्याचे पाणी रोज तुडवणाऱ्या गाडीसाठी मात्र माती, भार आणि टायर पाहून निवड करावी लागते.

उदाहरण म्हणून चकलांबा घ्या. हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातले, गोदावरीच्या खोऱ्यातले गाव. परिसरात काळी कसदार जमीन, कापूस, ऊस, पाणंदी, कॅनॉलच्या कडेचे कच्चे रस्ते आणि उत्तरेला नदीकाठची वाळू. बोलेरो, पिकअप, थार आणि जुन्या जीप अशा मुलखात रोजच्या कामाला असतात. बहुतेक बोलेरो मागच्या दोन चाकांवरच चालते. तरी पावसाळ्यात तिच्या ब्रेकना लागणारा गारा फोर बाय फोर गाडीइतकाच असतो.

कोणत्या गाडीला काय बसते, हे आधी समजून घ्यावे. महिंद्रने १९४७ साली मुंबईत ज्या विलिस जीप जुळवायला सुरुवात केली, त्यांच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. थार २०१० मध्ये आली आणि २०२० मध्ये नव्या रूपात आली. तिला पुढे डिस्क, मागे ड्रम. बोलेरोची मांडणीही तीच. २०२४ च्या थार रॉक्सच्या वरच्या प्रकारांत चारही चाकांना डिस्क आहेत. त्यामुळे या भागातल्या बहुतेक मालकांना पॅड फक्त पुढच्या चाकांसाठी घ्यायचे असतात आणि मागे ड्रमला आतून घासणारे लायनर. मागच्या ड्रमकडे मात्र दुर्लक्ष होते, ते चुकीचे आहे. ड्रममध्ये शिरलेला चिखल बाहेर पडायला वाट नसते. तो वाळतो आणि लायनर व ड्रम दोन्ही घासत राहतो. पावसाळा संपला की ड्रम उघडून धुतलाच पाहिजे. हँडब्रेकही तिथेच लागतो.

काळी माती भिजली की फुगते, चिकटते आणि वाळली की दगडासारखी कडक होते. व्हेंटिलेटेड डिस्कच्या दोन पत्र्यांमधल्या हवेच्या फटीत ती बसली की डिस्क थंड होत नाही. एकाच बाजूला बसली तर चाकाचा तोल जातो आणि स्टिअरिंग थरथरते; मालक मात्र अलाइनमेंटच्या दुकानात जातो. वाळूचा त्रास निराळा आहे. तिचे कण पॅड आणि डिस्कमध्ये सापडून डिस्कवर गोल चरे पाडतात.

पॅडचे मुख्य तीन प्रकार बाजारात मिळतात. ऑरगॅनिक पॅड मऊ असतो, आवाज कमी करतो, डिस्कला जपतो. पण तापल्यावर लवकर ढिला पडतो आणि वाळूत झपाट्याने झिजतो. सिरॅमिक पॅड स्वच्छ व शांत, शहरातल्या गाडीला उत्तम. सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये वजनाने साधारण ३० ते ६५ टक्के धातू असतो. तो उष्णता चांगली सोसतो आणि ओल्या, मळलेल्या डिस्कवरही लवकर पकड घेतो. तो थोडा आवाज करतो आणि डिस्क जास्त खातो. चकलांब्यासारख्या मुलखात भार वाहणाऱ्या गाडीला सेमी-मेटॅलिक पॅडच घ्यावा. डिस्क थोडी लवकर बदलावी लागली तरी चालेल, उतारावर पेडल खाली जाणे चालणार नाही.

अनेक पॅडच्या कडेवर रंगात दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर थंड असतानाची पकड दाखवते, दुसरे तापल्यानंतरची. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. ‘एफएफ’ किंवा त्याहून वरचा पॅड घ्यावा. ‘एफई’ म्हणजे गरम झाल्यावर पकड सोडणारा माल. ज्या पॅडवर ना अक्षरे, ना बनवणाऱ्याचे नाव, ना बॅच क्रमांक, तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. ही अक्षरे झीज किंवा टिकाऊपणा सांगत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

डिस्कच्या बाबतीत छिद्रे पाडलेली डिस्क दिसायला देखणी असते, म्हणून हौशी मंडळी तिच्या मागे लागतात. चिखलात ती छिद्रे भरतात आणि वारंवार तापून-थंड होऊन त्यांच्या कडांना तडे जाऊ शकतात. तिरक्या खाचांची डिस्क त्यापेक्षा बरी. खाचा पॅडचा पृष्ठभाग खरवडून साफ ठेवतात, पण पॅड लवकर संपतो. साधी, भरीव पृष्ठभागाची, कंपनीच्या मापाची व्हेंटिलेटेड डिस्क या कामाला सर्वांत योग्य आहे. वाचलेले पैसे चांगल्या पॅडवर घालावेत.

डिस्क बदलायची की लेथवर फेसिंग करून वापरायची, हे मापावर ठरते. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते. गंज घासला की आकडा दिसतो. माप घेताना एक चूक सर्रास होते. डिस्कच्या बाहेरच्या कडेला, जिथे पॅड पोहोचत नाही तिथे, न झिजलेला काठ उभा राहतो. साध्या स्लाइड कॅलिपरचे तोंड त्या काठावर टेकले की जाडी पुरेशी आहे असे वाटते, प्रत्यक्षात पॅड घासतो ती जागा एक-दोन मिलिमीटरने पातळ झालेली असते. मायक्रोमीटरने, काठाच्या आत, वेगवेगळ्या जागी मोजावे. फेसिंगनंतर जाडी किमान आकड्याच्या खाली जाणार असेल तर ती डिस्क भंगारात टाकावी.

मोठे टायर हा वेगळा मुद्दा आहे. थारच्या २५५/६५ आर १८ टायरचा व्यास सुमारे ७८९ मिलिमीटर, ३३ इंची टायरचा सुमारे ८३८. तेवढ्याच अंतरात थांबायला ब्रेकला जवळपास ६ टक्के जास्त जोर लावावा लागतो. टायरचे वाढलेले वजन त्यात धरलेले नाही.

उष्णतेचा हिशेब घाटात कळतो. दोन टनांची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून थांबवताना सुमारे २.८ लाख ज्यूल ऊर्जा मुरवावी लागते. तीच गाडी फक्त ब्रेकवर १०० मीटर खाली उतरवली तर जवळपास २० लाख, म्हणजे अशा सात थांब्यांइतकी. बीडच्या दक्षिणेला मांजरसुंब्याच्या घाटात किंवा ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे निघालेल्या भरलेल्या पिकअपमध्ये हे आठवावे आणि खालच्या गिअरमध्ये उतरावे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ नवे असताना २०५ अंशांना उकळते, ओलावा मुरल्यावर १४०; डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. पॅड कितीही भारी असले तरी जुन्या ऑइलमध्ये वाफ धरली की पेडल पोकळ लागते. म्हणून नव्या पॅडबरोबर ऑइलही बदलून हवा काढून घ्यावी.

बसवताना पॅड आणि डिस्क नेहमी एका अॅक्सलच्या दोन्ही चाकांना मिळून बदलावेत, नाहीतर गाडी एकीकडे ओढते. नवी डिस्क बसवण्याआधी हबचा गंज तारेच्या ब्रशने काढावा. तिथला बारीक पापुद्राही डिस्कला डुलवतो. कॅलिपरच्या पिना मोकळ्या सरकतात का, ते पाहावे. आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा शाबूत असेल तर दोष बहुधा पिनांचा असतो. जुन्या पॅडची धूळ कंप्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या मालात अॅस्बेस्टॉस असू शकते आणि ते कर्करोगकारक आहे. ओल्या फडक्याने पुसावे. नंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक लावून पॅड बसू द्यावेत. गरम असताना पेडल दाबून उभे राहू नये.

ओढा ओलांडल्यावर ब्रेक हलकेच दाबून डिस्क सुकवावी. पॅडचे घर्षणद्रव्य ३ मिलिमीटर उरले की बदलावे, कर्कश आवाजाची वाट पाहू नये. पावसाळ्यात दर आठवड्याला चाकाच्या आतून पाण्याची धार मारून डिस्कच्या फटी धुवाव्यात.