आई-वडिलांचा विमा: तीन दारे आणि एक जन्मतारीख

१/ २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात, टेंभली या गावी, देशातील पहिले आधार क्रमांक वाटण्यात आले. या नोंदणीच्या अर्जात जन्मतारखेचा रकाना होता आणि त्यासाठी पर्याय ठेवावे लागले: कागदपत्राने पडताळलेली, तोंडी सांगितलेली आणि अंदाजे. देशातील असंख्य वयस्कांपाशी जन्मतारीखच नव्हती, याची ती कबुली होती.

२/ हाच रकाना दीडशे वर्षांपासून आयुर्विम्याच्या उंबरठ्यावर उभा आहे. घरातला पहिला नोकरदार मुलगा किंवा मुलगी वृद्ध आई-वडिलांचा विमा उतरवायला जाते, तेव्हा तीन दारे लागतात. पहिले वयाचे, दुसरे हितसंबंधाचे, तिसरे वारसाचे. प्रत्येक दाराला स्वतःचा इतिहास आहे.

३/ पहिले दार वयाचे. समजा, एका वयाच्या हजार माणसांनी प्रत्येकी एक लाखाचा विमा उतरवला आणि वर्षभरात त्यांतील पाच जण दगावले. पाच लाखांचा हा भार हजारांत वाटला, तर प्रत्येकी पाचशे रुपये येतात. पन्नास जण दगावले तर पाच हजार. वय वाढते तसा हप्ता विम्याच्या रकमेकडे सरकत जातो, आणि एका टप्प्यानंतर विमा उतरवणे म्हणजे स्वतःचेच पैसे खर्च वजा जाता परत घेणे ठरते. म्हणून वय हाच आयुर्विम्याचा पाया.

४/ हा पाया घालताना भारतीय माणूस आरंभी हिशेबातच नव्हता. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय कंपन्या भारतीयांचे आयुष्य कमी प्रतीचे मानून जादा हप्ता आकारीत. १८७० साली स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल संस्थेने भारतीयांना सर्वसाधारण दराने विमा देऊ केला. १८७४ साली मुंबईतच ओरिएंटल कंपनी उभी राहिली. तिच्या १९२५ ते १९३५ या काळातील विमेदारांच्या अनुभवावरून मृत्युदराची सारणी तयार झाली, आणि पुढे आयुर्विमा महामंडळाच्या पहिल्या काही दशकांत हप्ते ठरवताना तीच आधाराला घेतली गेली.

५/ ती सारणी विमेदारांची होती, म्हणजेच हप्ता परवडणाऱ्यांची. सातपुड्यातील कष्टकरी त्या आकड्यांत जवळजवळ नव्हताच. स्वदेशी चळवळीनंतर देशी विमा कंपन्यांची लाट आली. साताऱ्यात १९१३ साली अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया कंपनी काढली. मात्र या कंपन्यांचा वावर प्रामुख्याने शहरांत आणि पेठांच्या गावांत राहिला.

६/ याच काळात वयाचा हिशेब न करणारा एक प्रकारही चालत असे. सगळ्यांकडून वर्गणी गोळा करायची आणि मृत्यू होतील त्या प्रमाणात वाटून टाकायची. अशा व्यवस्थेत जितके म्हातारे नाव नोंदवावे तितका नोंदवणाऱ्याचा लाभ, आणि तरुण सभासद मात्र पैसे भरत राहणार. १९१२ च्या कायद्यांनी विमा व्यवसायाला प्रथमच शिस्त लावली. १९३८ च्या विमा कायद्याने, कलम ५२ नुसार, वाटणीच्या तत्त्वावरील धंद्यावरच बंदी घातली. वृद्धांना दार कठीण झाले. परंतु दार सताड उघडे ठेवणारी संस्था टिकलीही नसती.

७/ वय सिद्ध कशाने करायचे? जन्म-मृत्यू नोंदणीचा १८८६ चा कायदा ऐच्छिक होता. सक्तीची एकसमान नोंदणी १९६९ च्या कायद्याने आली. तोपर्यंत महाराष्ट्रात गावपातळीवरचा आधार म्हणजे कोतवाल बुक. आजही जुन्या नोंदीसाठी लोक त्याचीच नक्कल काढतात. परंतु सातपुड्याच्या कुशीतील काठीसारख्या मेहवासी जहागिऱ्या खालसा मुलखाच्या दप्तरी घडीत पुरत्या बसलेल्या नव्हत्या. डोंगरातील वस्त्यांवर जन्माची आठवण ऋतूने, सणाने वा दुष्काळाने ठेवली जाई.

८/ १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. २४५ विमा कंपन्या व संस्था एकत्र होऊन १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. विमा खेड्यापाड्यांत नेणे हे घोषित उद्दिष्ट होते. पण खेड्यात पोहोचताच पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. वयाचे पुरावे प्रमाणित आणि अप्रमाणित अशा दोन गटांत विभागले गेले. शाळेचा दाखला प्रमाणित. थोरामोठ्यांचे प्रतिज्ञापत्र किंवा पंचायतीचा दाखला अप्रमाणित. जी पिढी शाळेतच गेली नाही, तिच्या वाट्याला दुसरा गट आला. २०११ च्या जनगणनेतही नंदुरबारची साक्षरता राज्यात सर्वांत कमी, सुमारे ६४ टक्के होती.

९/ दुसरे दार हितसंबंधाचे. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये परक्या माणसाच्या आयुष्यावर विमा उतरवून त्याच्या मरणावर पैज लावली जाई. १७७४ च्या कायद्याने नियम घातला: ज्याच्या मृत्यूने तुमचे नुकसान होते, त्याचाच विमा तुम्हाला उतरवता येईल. भारतात १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० ने पैजेचे करार निरर्थक ठरवले, आणि न्यायालयांनी हेच इंग्रजी तत्त्व स्वीकारले.

१०/ पती-पत्नीमध्ये हा हितसंबंध गृहीत धरला जातो. मुलाचा आई-वडिलांच्या आयुष्यातील हितसंबंध मात्र आपोआप गृहीत नसतो. आर्थिक अवलंबित्व दाखवावे लागते. मुलगा कमावता आणि वडील त्याच्यावर अवलंबून असतील, तर वडिलांच्या जाण्याने मुलाचे आर्थिक नुकसान कोणते, असा रुक्ष प्रश्न कायदा विचारतो. म्हणूनच रूढ मार्ग असा, की प्रस्ताव आई किंवा वडिलांनी स्वतः द्यावा, सही वा अंगठा त्यांचा, आणि हप्ता मुलाने भरावा. त्यांच्या संमतीवाचून काढलेल्या विम्याला या इतिहासात जागा नाही.

११/ तिसरे दार वारसाचे. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्यातील कलम ६ ने सोय केली, की पतीने पत्नी व मुलांसाठी काढलेल्या विम्याच्या रकमेवर सावकाराला हात टाकता येऊ नये. १९२३ साली ही सोय हिंदू, मुस्लिम, शीख व जैन कुटुंबांनाही मिळाली. त्या कलमात पत्नी आहे, मुले आहेत, आई-वडील नाहीत. एकत्र कुटुंबाच्या देशात ही उणीव लहान नव्हती.

१२/ १९८३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयासमोर असाच वाद आला. मुलगा मृत्युपत्र न करता वारला होता, पॉलिसीवर नॉमिनी म्हणून पत्नीचे नाव होते आणि आईने आपला वाटा मागितला होता. न्यायालयाने म्हटले, नॉमिनी ही रक्कम स्वीकारणारी व्यक्ती. तिच्यावरील हक्क वारसा कायद्याने ठरेल. आईचा हक्क टिकला. २०१५ च्या दुरुस्तीने आई-वडील, पती-पत्नी आणि मुले नॉमिनी असतील, तर ती स्वतःच लाभार्थी मानली जातील असे ठरवले. आई-वडिलांचे नाव विमा कायद्यात पत्नी-मुलांच्या बरोबरीने आले ते तेव्हा.

१३/ नंदुरबारपुरती आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा, केंद्राने तशी अधिसूचना काढल्याखेरीज, अनुसूचित जमातींना लागू होत नाही. तेथे रूढी चालते. वारसाचा वाद उभा राहिला तर आईचा वाटा पुस्तकातून नव्हे, रूढीच्या साक्षीतून सिद्ध करावा लागतो. अशा ठिकाणी पॉलिसीवरील नॉमिनीची एक ओळ फार मोलाची ठरते.

१४/ गरिबांसाठीच्या सरकारी योजनांनीही वयाची रेघ सोडली नाही. १९८७ ची भूमिहीन शेतमजूर गटविमा योजना साठ वर्षांपर्यंत. २००७ ची आम आदमी विमा योजना एकोणसाठपर्यंत. २०१५ च्या प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्यात प्रवेश पन्नासपर्यंत आणि संरक्षण पंचावन्नपर्यंत. तिचा ३३० रुपयांचा वार्षिक हप्ता २०२२ पासून ४३६ झाला. अपघाती विमा तेवढा सत्तरीपर्यंत मिळतो. म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या अपघाताचा विमा होतो, म्हातारपणाचा होत नाही.

१५/ म्हातारपणाला महाराष्ट्र शासनाने दिलेले उत्तर विम्याचे नाही, निवृत्तिवेतनाचे आहे. आई-वडिलांना कावडीत वाहून नेणाऱ्या श्रावणबाळाचे नाव त्या योजनेला दिले आहे. पासष्टी ओलांडलेल्या निराधारांना तिच्यातून दरमहा रक्कम मिळते. २०२३ मध्ये ती १००० वरून १५०० रुपये झाली. परंतु पासष्ट वर्षे पूर्ण झाली हे सिद्ध कोणी करायचे? कावड आली, तरी तिच्यापाशी रकाना तोच.

१६/ २०२४ च्या ऑक्टोबरात अपघात नुकसानभरपाईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नव्हे. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला अधिक ग्राह्य. टेंभलीत आरंभलेली नोंदणी माणसाला क्रमांक देऊ शकली, निर्विवाद वय देऊ शकली नाही.

१७/ या साऱ्या इतिहासातून एक दिशा दिसते. ज्याच्या मरणाने चूल थांबेल, त्याचा विमा, हे मूळ तत्त्व. आई-वडील थकले आणि मुलगी कमावती झाली, की ज्याच्यावर विमा हवा ते आयुष्य मुलीचे असते आणि नॉमिनीच्या जागी आई-वडिलांचे नाव. वृद्धांसाठी मात्र उपचारांची तरतूद, निवृत्तिवेतन आणि वेळेत जमवलेले वयाचे कागद हेच खरे संरक्षण. आज अक्राणीत जन्मणाऱ्या बाळाची तारीख पहिल्या दिवसापासून नोंदली जाऊ शकते. त्याच्या आजीची तारीख मात्र आजही कुणाच्या तरी आठवणीतूनच काढावी लागते, आणि ती आठवण असणारी माणसे कमी होत चालली आहेत.