पाचवीच्या बाकावर पीएच.डी.

२७ फेब्रुवारी २००७ रोजी फॉक्स वाहिनीवर ‘आर यू स्मार्टर दॅन अ फिफ्थ ग्रेडर?’ सुरू झाला. आपल्यापैकी अनेकांनी तो मुलांबरोबर बसून पाहिला असेल. मोठ्या माणसाला पहिली ते पाचवीच्या अभ्यासातले प्रश्न आणि बाजूच्या बाकांवर पाचवीतली मुले. अडले तर मुलांचे उत्तर चक्क कॉपी करायची मुभा! आमच्या शाळेत ज्याबद्दल छड्या मिळत, त्याला इथे टाळ्या. हरणाऱ्याने मात्र आपण पाचवीतल्या मुलापेक्षा हुशार नाही, अशी जाहीर कबुली द्यायची. पुढच्याच वर्षी शाहरुख खानने हा खेळ ‘क्या आप पाँचवी पास से तेज़ हैं?’ या नावाने भारतात आणला.

खेळ नवा वाटला, तरी त्याचे मूळ जुने आहे. १९४० साली शिकागोहून ‘क्विझ किड्स’ हा रेडिओ कार्यक्रम सुरू झाला. कल्पना लुई कोवन यांची. सोळा वर्षांखालची मुले अवघड प्रश्नांची उत्तरे देत आणि देश कौतुकाने ऐके. गंमत म्हणजे प्रश्न विचारणारे जो केली स्वतः जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले होते!

याच कोवन यांनी १९५५ मध्ये दूरदर्शनवर ‘द सिक्स्टी-फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन’ आणला. बक्षिसे फुगली आणि सचोटी आटली. अशा कार्यक्रमांत काही स्पर्धकांना उत्तरे आधीच पुरवली जात, हे उघड झाले. पॅटी ड्यूक या बालअभिनेत्रीलाही पढवून ठेवले होते. १९५९ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे तिने ते सांगितले. १९६० मध्ये अशा लबाडीविरुद्ध कायदाच झाला.

नव्या कार्यक्रमात दहा लाख डॉलर प्रथम जिंकले ते २००८ मध्ये, जॉर्जिया राज्याच्या शिक्षणप्रमुख कॅथी कॉक्स यांनी. पुढच्या वर्षी जिंकले जॉर्ज स्मूट, २००६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मानकरी. नोबेल मिळवलेला माणूसही पाचवीच्या प्रश्नांना सामोरा गेला, याचे मला फार अप्रूप वाटले. कारण अशा परीक्षेची भीती मी जाणतो.

आमच्या घरी हा खेळ टीव्हीवर येण्याच्या कितीतरी आधी रंगला होता. मी नागरिकत्वाच्या मुलाखतीची तयारी करत होतो. मुलगी तेव्हा पाचवीत. जेवण झाले की ती प्रश्नांचा कागद घेऊन समोर बसायची. “बाबा, हाउसमध्ये सदस्य किती?” मी म्हणालो, “शंभर.” “ते सेनेटमध्ये! हाउसमध्ये ४३५.” आयुष्यभर दुसऱ्यांचे पेपर तपासलेला मी मनातून चिडलो. “माहीत होतं मला,” असे खोटेच बोललोही. तिने कागद खाली ठेवला आणि हळूच विचारले, “बाबा, तुम्ही नापास झालात तर आपल्याला परत जावं लागेल?”

तसे काही नसते, हे मी तिला समजावले. पण माझा गुण तिला अभिमानासाठी नव्हे, घरासाठी हवा होता, हे तेव्हा लक्षात आले. मग म्हणालो, “मला येत नाही. तू शिकव.” माझ्या वडिलांच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकले नव्हते; मीही त्या दिवशी प्रथमच उच्चारले.

टीव्हीवर ही कबुली म्हणजे हार. आपल्या परदेशातल्या घरांत मात्र बोलणे तिथूनच सुरू होते. आज नात मला अमेरिकेचा इतिहास सांगते आणि मी तिला जोडाक्षरे शिकवतो. दोघेही सर्रास कॉपी करतो.