भोपळ्यात बसलेलं औषध

देवगाव रंगारी. माझ्या गावाच्या नावातच रंगारी आहे. त्यामुळे रंगाची कुठलीही गोष्ट मला शेजारघरची वाटते. आजची गोष्ट रसायनशास्त्रातली असली, तरी तिच्यातला साक्षीदार रंगच आहे.

1905 साली जर्मनीत बेहरेंड आणि सहकाऱ्यांनी ग्लायकोल्युरिल व फॉर्मल्डिहाइड यांच्यापासून एक पदार्थ बनवला. तो मिथिलीन ब्लूसारखे रंग धरून ठेवतो, हे त्यांना दिसलं. का धरतो, ते कळलं नाही. त्याचं उत्तर मिळायला 76 वर्षं लागली. 1981 मध्ये अमेरिकेत फ्रीमन, मॉक आणि शी यांनी क्ष-किरणांनी त्याचा स्फटिक तपासला. सहा सारखे घटक गोलाकार जोडलेले, पोट फुगीर, तोंडं अरुंद आणि आत पोकळी! भोपळ्याच्या कुळावरून त्याला 'कुकरबिट्युरिल' नाव मिळालं.

आपल्या गोष्टीतली म्हातारी भोपळ्यात बसून वाघासमोरून सुखरूप घरी पोचते. काही औषधांनाही असाच भोपळा हवा असतो. ती पाण्यात नीट विरघळत नाहीत, किंवा वाटेतच मोडतात. पण कोणता रेणू कोणत्या पोकळीत बसला, हे डोळ्यांना कसं दिसणार?

इथे रंग साक्ष देतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ज्योतिर्मयी मोहंती, भासिकुट्टन व पाल यांनी जर्मनीतल्या नाऊंसह 2006 मध्ये 'न्यूट्रल रेड' हा रंग तपासला. तो आम्लात लाल, अल्कलीत पिवळा. सात घटकांच्या भोपळ्याने त्याचं लाल रूप घट्ट धरलं. सायक्लोडेक्स्ट्रिन या ग्लुकोजच्या कड्याने मात्र पिवळं रूप पसंत केलं. पाहुणा एकच, पण प्रत्येक यजमानाची आवड वेगळी.

हे केवळ प्रयोगशाळेतलं कौतुक नव्हे. 2021 च्या एप्रिलमध्ये रेमडेसिविरसाठी आपण वणवण केली. त्याच्या भुकटीच्या कुपीत औषध 100 मिलिग्रॅम, आणि ते पाण्यात विरघळावं म्हणून सुधारित सायक्लोडेक्स्ट्रिन 3 ग्रॅम, म्हणजे तीसपट! भोपळ्यावरचं काम मात्र अजून बहुतांशी संशोधनाच्याच पातळीवर आहे.

त्यातली खरी अडचण रंगाऱ्याला चटकन कळेल. त्याची अब्रू पक्क्या रंगात असते. कापडाने रंग सोडला, की गिऱ्हाईक तुटलं. इथे उलटं आहे. वाटेत घट्ट धरायचं आणि मुक्कामावर सोडायचं. भोपळ्याने म्हातारीला घरी उतरवलंच नाही, तर ती वाघापासून वाचून उपयोग काय?