चाकातली स्प्रिंग आणि बैलाचा खांदा

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदमळणी असते. बैलाच्या मानेवर जिथे जू टेकतं, तिथे हळद आणि तूप चोळतात. लहानपणी मला वाटायचं, सणाचा लाड आहे. पुढे फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं, गाड्यांच्या इतिहासावर पीएच.डी. सुरू केली, आणि मग लक्षात आलं की ही वर्षभर खाल्लेल्या धक्क्यांची दखल आहे.

घरचे आणि मैत्रिणी नेहमी विचारतात, "तू नक्की कशावर काम करतेस?" सोपं उत्तर असं: रस्त्यातला खड्डा गाडीला धक्का देतो. तो धक्का शेवटी कुणाच्या अंगावर जातो, यावर. आज त्यातलाच एक तुकडा सांगते. चाकाच्या आतच स्प्रिंग बसवायची, ही दीडशेहून जास्त वर्षं जुनी कल्पना, आणि आपल्या नगर जिल्ह्यातली (आता अहिल्यानगर, पण बोलताना तोंडात नगरच येतं) उसाची बैलगाडी.

स्प्रिंग चाकात कशाला?

जीप किंवा ट्रक डोळ्यासमोर आणा. खाली चाक, मग आस, त्यावर पाटे किंवा स्प्रिंग, आणि सगळ्यात वर साटा आणि माणसं. म्हणजे स्प्रिंगच्या वरचं सगळं सुखी. खालचं चाक आणि आस मात्र प्रत्येक दगडाचा ठोसा सरळ खातात. हे स्प्रिंगखालचं वजन जितकं जास्त, तितका रस्त्यालाही मार जास्त आणि गाडीलाही. म्हणून इंजिनिअर लोकांना वाटत आलं, की स्प्रिंग आणखी खाली न्यावी, थेट चाकात. धावेपाशीच धक्का जिरला तर आसापर्यंत पोचणारच नाही.

बैलगाडीत हा प्रश्न आणखी टोकाचा होतो. तिला पाटेच नसतात. साटा थेट आखावर बसवलेला, आणि आखापासून दांडी सरळ जुवापर्यंत गेलेली. टांग्याला पाटे असतात, कारण टांग्यात माणूस बसतो. मालाच्या गाडीला ते कुणी लावले नाहीत.

लाकडी चाक एवढं मोठं का?

स्प्रिंग नाही, तर धक्क्याचं करायचं काय? जुन्या सुतारांकडे एक उत्तर होतं: चाक मोठं करा.

थोडं गणित करू, घाबरू नका. चाकाची त्रिज्या ६० सेंटीमीटर आहे, त्यावर ५०० किलो भार आहे, आणि ते ५ सेंटीमीटर उंचीच्या दगडाला टेकून थांबलं आहे. आता ते दगडावर चढवायला जवळपास २२० किलोची आडवी ओढ लागते. तोच दगड, तोच भार, पण त्रिज्या ४० सेंटीमीटर घेतली तर ओढ २७५ किलोच्या वर जाते. चाक लहान झालं की तोच दगड त्याला मोठा वाटतो. आपल्या गाडीचं चाक कमरेच्या वर पोचायचं, त्याचं कारण हे आहे.

पण चाक मोठं करायचं तर ते हलकंही हवं. दख्खनमध्ये एकेकाळी भरीव चाकांचे अवजड गाडे होते आणि ते ओढायला बैलांच्या अनेक जोड्या लागत. १८३६ च्या सुमारास पुणे-सोलापूर पट्ट्यात जमीन मोजणीचं काम गोल्डस्मिड आणि विंगेट करत होते. त्यांच्याबरोबरच्या लेफ्टनंट गेसफर्ड यांनी हलक्या, आऱ्यांच्या चाकाच्या गाड्या बनवायला सोलापूरकडच्या टेंभुर्णीला कारखाना काढला. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये ही नोंद सापडते. तुंबा, आरे आणि वरून तापवून चढवलेली लोखंडी धाव, ही जी गाडी आपण 'पूर्वापार' समजतो, तिच्याही मागे असा सुधारणेचा इतिहास आहे.

धाव टिकाऊ होती, पण कडक. लोखंड दगडावर आपटलं की जिरत काहीच नाही. धक्का आऱ्यांतून आखात, आखातून दांडीत आणि दांडीतून मानेत.

एका पशुवैद्याने सोडवलेलं कोडं

१८४५ मध्ये स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं. घोडागाड्यांवर त्याच्या चाचण्याही झाल्या. पण तेव्हा ना सायकल होती ना मोटार, आणि रबर महाग. कल्पना विसरली गेली. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप यांनी ती नव्याने शोधली, आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी. डनलॉप पेशाने पशुवैद्य होते. जनावरांच्या डॉक्टरने काढलेलं टायर पुढे बैलगाडीला लागलं, हे मला प्रत्येक वेळी गमतीचं वाटतं.

आता नीट बघा. हवेचं टायर म्हणजे काय? चाकात बसवलेली स्प्रिंगच. फक्त ती स्टीलची नाही, कोंडलेल्या हवेची आहे. टायर त्या ५ सेंटीमीटरच्या दगडाला बराचसा पोटात घेतं. आखाला तेवढं वर चढावंच लागत नाही, म्हणून ओढ कमी लागते. चाक लहान केलं तरी चालून जातं.

मग स्टीलच्या स्प्रिंगचं काय झालं?

लोकांनी प्रयत्न सोडले नाहीत. टायर पंक्चर होतं, फुटतं, रबर आयात करावं लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून स्प्रिंगच्या चाकांची पेटंटं निघत राहिली. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या नाकेबंदीमुळे जर्मनीला रबर मिळेना, तेव्हा तिथे ट्रकना आणि सायकलींना खरोखरच स्प्रिंगची चाकं लावली गेली. रबर परत मिळू लागलं, आणि ती चाकं गायब झाली.

का? एक आकडेमोड करू. ९० सेंटीमीटर व्यासाचं चाक एका किलोमीटरमध्ये साधारण ३५० वेळा फिरतं. प्रत्येक फेरीत प्रत्येक स्प्रिंग एकदा दबते आणि एकदा सुटते. ट्रक ५०,००० किलोमीटर चालला, तर प्रत्येक स्प्रिंग पावणेदोन कोटी वेळा दबली. तार एकदा वाकवून तुटत नाही, पण सारखी वाकवत राहिलं की तुटते, तसं धातूही थकतो. शिवाय सांध्यांत माती, खडे आणि गंज. हवा मात्र थकत नाही.

हा थकवा किती महाग पडतो, ते ३ जून १९९८ ला जर्मनीत एशेडे गावाजवळ दिसलं. अतिवेगवान रेल्वेच्या चाकात हादरे जिरवायला आतलं चाक आणि बाहेरचं स्टीलचं कडं यांच्यामध्ये रबराचा थर दिलेला होता. ते बाहेरचं कडं थकून तुटलं, गाडी रुळावरून घसरली आणि १०१ माणसं गेली.

उलट, जिथे फेऱ्याच कमी, तिथे धातूचं लवचीक चाक छान चाललं. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या चांद्रवीरांनी जी गाडी चालवली, तिची चाकं स्टीलच्या तारा विणून केलेली होती. हवा नाही, रबराचं टायर नाही. पण तिला चालायचं होतं एकूण सुमारे २८ किलोमीटर. आपल्याकडे उसाची गाडी एवढं अंतर दोन-चार दिवसांत तोडते.

नगरचा ऊस

१९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झालं. प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला. १९५०-५१ च्या हंगामात लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना गाळप करू लागला, आणि पुढे जिल्हाभर कारखाने झाले. ऊस तोडला की त्यातली साखर तासातासाने घटायला लागते. म्हणजे फड ते गव्हाण हे अंतर लवकर तोडायला हवं. पाणंदीत ट्रक शिरत नाही, बैलगाडी शिरते.

इथे टायरगाडी आली. ऊसतोडीच्या भाषेत आजही वेगवेगळी 'सेंटर' ओळखली जातात. स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांचं गाडी सेंटर, कारखान्याची टायरगाडी भाड्याने घेणाऱ्यांचं टायर सेंटर, डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक भरणाऱ्यांचं डोकी सेंटर. कुणाकडे कसलं चाक आहे, यावरून माणसाची ओळख ठरते. पाथर्डी, शेवगाव आणि शेजारच्या बीडमधून दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, त्यात या सगळ्यांचा समावेश असतो.

चाकात स्प्रिंग बसवायचं स्वप्न असं आपल्याच जिल्ह्यात पूर्ण झालं. मग बैलाचे हाल संपायला हवे होते, नाही का?

कायद्यातले तीन आकडे

ओझ्याच्या जनावरांना क्रूरपणे वागवू नये म्हणून केंद्र सरकारने १९६५ मध्ये नियम केले. त्यात दोनचाकी गाडीवर किती वजन घालायचं, हे चाकावरून ठरवलं आहे. ३५० किलोपेक्षा जास्त वजनाच्या मोठ्या बैलासाठी मर्यादा अशी: हवेचं टायर नसेल तर ९०० किलो, टायर असेल तर १,३५० किलो, बॉल बेअरिंग असेल तर १,८०० किलो.

पहिल्यांदा हे आकडे वाचले तेव्हा मी खूश झाले. फिजिक्स थेट कायद्यात! टायरमुळे रस्त्याचा अडथळा कमी, बेअरिंगमुळे आखाचं घर्षण कमी, म्हणून मर्यादा दुप्पट. दुसऱ्यांदा वाचल्यावर थांबले. बैल तोच आहे. चाक सुधारल्यामुळे जो त्रास वाचला, तो बैलाच्या खात्यात जमाच झालेला नाही. तो मालाच्या खात्यात गेला. आणि ही तर कागदावरची मर्यादा. हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर उभे राहा, गाडीवर किती ऊस असतो ते डोळ्यांनी दिसेल.

यात गाडीवानाला दोष देणं सोपं आहे, मी देणार नाही. त्याला मजुरी टनावर मिळते. उचल फेडायची असते, गाडीचं भाडं असतं. खेप रिकामी नेली तर त्याचंच पोट रिकामं. स्प्रिंग धक्का कमी करते. वाचलेली ताकद कुठे खर्च होईल, हे मात्र टनाचा दर ठरवतो.

आयआयएम बंगळुरूचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी सुधारण्यासाठी अनेक वर्षं आग्रह धरला. जुवाने होणाऱ्या जखमांबद्दलही ते बोलत राहिले. २०२२ मध्ये इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी 'सारथी' नावाचं साधन केलं, तुम्ही कदाचित फोटो पाहिला असेल. गाडीच्या पुढच्या बाजूला, दोन बैलांच्या मध्ये एक टेकूचं चाक. मला ते महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे पहिला प्रश्न बैलाच्या मानेचा विचारला गेला. गाडी पुढून जास्त भरली की जू दबतं, मागून जास्त भरली की ती उलाळते. टायरातली हवा यातलं काहीच बदलत नाही.

फोनने काय दाखवलं, काय नाही

कामाच्या सुरुवातीला मी एक घरगुती प्रयोग केला. आजोबांच्या ओळखीतल्या एका गाडीवानाच्या जुवाला फोन बांधला आणि त्यातल्या सेन्सरने हादरे नोंदवले. आधी लोखंडी धावेची गाडी, मग टायरची. धावेच्या गाडीचा आलेख करवतीच्या दातांसारखा आला, टायरचा लाटांसारखा. मी आनंदाने आजोबांना दाखवला.

त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "दुसऱ्या गाडीत माल किती होता?"

दुप्पट होता. आणि फोनला ते कळलंच नव्हतं. तो सेन्सर धक्का मोजतो, सारखी चाललेली ओढ त्याला दिसत नाही. माझ्या आलेखात टायरगाडी जिंकली होती, कारण जे टायर कमी करतं तेवढंच मी मोजलं होतं.

वाहननगरला, नगर शहराजवळ, डीआरडीओची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे. तिथल्या चाचणीपथांवर वाहनं खडबडीत पृष्ठभागावरून पळवून तपासतात. अशा चाचण्यांत सेन्सर कुठे लावायचा हे आधी ठरवावं लागतं: आसावर, साट्यावर की आसनाखाली. जिथे तो लावू, त्याचंच दुखणं दिसतं. माझ्या प्रबंधाचा पुढचा भाग यावरच आहे: जुवाखाली धक्का आणि ओढ दोन्ही एकदम मोजायची, तीही भरलेल्या गाडीवर.

त्या दिवशी प्रयोग संपल्यावर आजोबांनी बैलाच्या मानेवरून हात फिरवला, एका जागी थांबले आणि म्हणाले, "खांदा गरम आहे. उद्या सोड त्याला." त्या गाडीवानाने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच जोडी खेपेला गेली.