गिअरबॉक्स उघडावा की नाही?

१९९६ साली एका पालकांनी आमच्या शाळेला त्यांची जुनी अँबेसिडर भेट दिली. गाडी चालत होती, पण दुसरा गिअर टाकताना 'खर्रर' असा आवाज येई. विज्ञान शिकवणारे आम्ही तिघे. गिअरबॉक्स आपणच उघडून नीट करावा, मुलांनाही पाहता येईल, असे आमच्या मनात आले. तेवढा खर्च शाळेला परवडणार होता. पण बॉक्स उघडून पुन्हा जोडता आला नसता, तर गाडी कायमची शेडमध्ये गेली असती. म्हणून हात घालण्यापूर्वी आम्ही या पेटीचा इतिहास वाचून काढला.

मुळात गिअरबॉक्स लागतो कशाला? वाफेचे इंजिन जागच्या जागीसुद्धा जोर लावू शकते. पेट्रोलचे इंजिन मात्र फिरत असेल तरच जोर देते, आणि मंद फिरताना तो फारच थोडा असतो. तेव्हा इंजिन भरभर आणि चाके सावकाश फिरतील अशी सोय हवी. १८९१ च्या सुमारास पॅरिसच्या पान्हार-लेव्हासॉर कारखान्यात एमिल लेव्हासॉर यांनी इंजिन पुढे, त्यामागे क्लच आणि त्यामागे सरकत्या दातेरी चाकांची पेटी अशी मांडणी केली. दोन समांतर दांडे. एकावरची चाके सरकवून दुसऱ्यावरच्या लहानमोठ्या चाकांत अडकवायची. ही पद्धत रांगडी आहे पण काम करते, असे लेव्हासॉर स्वतःच म्हणत, असे सांगतात.

रांगडी का, ते हिशोबाने पाहू. चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत आहे. तिसऱ्या गिअरचे प्रमाण त्याच्या दीडपट धरा. गाडीचा वेग तोच ठेवून तिसरा गिअर टाकायचा, तर इंजिनाकडच्या चाकांना ३००० फेऱ्यांवर यावे लागेल. ती २००० वरच असताना दात्यात दाता घातला तर ठोकर बसणारच. त्यावर चालकांनी युक्ती काढली : क्लच दाबून न्यूट्रल करायचे, क्लच सोडून ॲक्सिलरेटरने फेरे वाढवायचे, पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा. जुन्या मालमोटारी चालवणाऱ्यांचा पाय याला सरावलेला असे. ज्याचा सरावलेला नसे, त्याच्या गाडीचे दाते झिजत. पण त्या पेटीत होते काय? दांडे, चाके आणि बेअरिंग. झाकण काढले की सगळे समोर. त्या काळी शोफरने गाडी हाकायची तशी दुरुस्तही करायची, अशीच अपेक्षा असे.

१९०८ साली आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'ने वेगळी वाट धरली. तिच्यात सरकती चाके नव्हती. ग्रहमालेसारखी एका मध्यचक्राभोवती फिरणारी चाके होती आणि त्यांचे ढोल पट्ट्यांनी आवळून धरायचे. पट्ट्यांचे कापडी अस्तर झिजे, आणि ते बदलणे हे मालकाचेच काम मानले जाई. फोर्डची मालकांसाठीची पुस्तिका चक्क प्रश्नोत्तरांच्या रूपात होती. (पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांनी ती एकदा पाहावी!) १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या निघाल्या. शेतावर राहणारा, जवळपास गॅरेज नसलेला माणूस डोळ्यांसमोर ठेवूनच ती पेटी रचलेली होती.

मग १९२८ साली कॅडिलॅक गाडीत अर्ल थॉम्पसन यांची सिंक्रोमेश पद्धत आली. कल्पना सोपी आहे. दाते अडकण्याआधी शंकूसारख्या दोन पृष्ठभागांचे घर्षण होते, त्या घर्षणाने दोन्ही भागांचे फेरे सारखे होतात, आणि मगच दाते शांतपणे एकमेकांत शिरतात. चालकाच्या पायाचे कसब एका कडीने उचलले. पुढे बहुतेक पेट्यांत ही कडी पितळी असे, कारण तिनेच झिजायचे असते. पोलादी शंकू वाचला पाहिजे. चालवणे सोपे झाले आणि उघडणे अवघड! कड्या, स्प्रिंगा, छोट्या गोळ्या, सुईसारखे रोलर अशी सगळी बारीक मंडळी आत आली.

आमच्या अँबेसिडरच्या पेटीत तर हा सगळा इतिहास एकत्रच नांदत होता. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरला सिंक्रोमेश. पहिला आणि रिव्हर्स मात्र लेव्हासॉरच्या काळासारखे सरकत्या चाकांचे.

आधी खात्री करून घेतली. सगळेच गिअर खरखरत असते, तर दोष क्लचचा. पेटी उघडून उपयोग नाही. न्यूट्रलमध्ये घरघर येऊन क्लच दाबताच थांबली असती, तर बेअरिंग. आमचा आवाज फक्त दुसऱ्याचा, म्हणजे कडीच असावी. मग पेटीतले तेल पांढऱ्या एनॅमलच्या घमेल्यात काढले आणि पिशवीत गुंडाळलेले लोहचुंबक त्यातून फिरवले. चुंबकाला काळसर गाळ लागला, एवढा असतोच. तळाशी पिवळे कण चमकत राहिले, त्यांना चुंबक ओढेना, म्हणजे पितळ. इथवर आम्ही खुश होतो. तेवढ्यात चुंबकाला तांदळाच्या कणीएवढा पोलादी तुकडा चिकटून आला.

या कणीने बेत बदलला. या पेटीत दुसरा गिअर अडकवणाऱ्या बाहीच्या बाहेरच्या अंगालाच पहिल्या गिअरचे दाते असतात. दाता तुटला असेल तर कडी बदलून भागणार नव्हते, बाहीही शोधावी लागणार होती. शिवाय खालचा दांडा काढताना सुई-रोलर सांडू नयेत म्हणून त्याच जाडीचा खोटा दांडा मागोमाग सरकवावा लागतो. तो आमच्याकडे नव्हता. गाडी उचलून टेकवायला भक्कम घोडेही नव्हते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मुलांना काय, स्वतःलाही घालायचे नसते, हे तर आम्हीच शिकवत होतो.

गावातल्या मिस्त्रींकडे गेलो. एकच अट घातली : पेटी उघडताना नववीची मुले समोर असतील. ते हसले, पण कबूल झाले. दाता तुटलेलाच निघाला, आणि बाही जुन्या मालातून मिळवायला त्यांना तीन आठवडे लागले. तोवर कड्या आमच्या प्रयोगशाळेत होत्या. मुलांनी नवी कडी शंकूवर दाबून बसवली, तेव्हा तिचे दाते आणि गिअरचे दाते यांच्यामधल्या फटीत फिलर गेजचे पान सहज शिरले. जुनीच्या फटीत सर्वांत पातळ पानही शिरेना.